सपाट रस्त्यावरचा चढ

बाबा गेल्यावर तीन महिन्यांनी आमच्या भागातली काही माणसं सपाट रस्त्यावर चढ चढायला लागली.

मी ते पहिल्यांदा कार्यशाळेच्या खिडकीतून पाहिलं. दुपारची वेळ होती. समोरचा रस्ता इतका सपाट आहे की सांडलेलं पाणी कुठे जावं ते न सुचून जागच्या जागी सुकतं. त्या रस्त्यावरून घड्याळजी येत होते. अंग पुढे झोकून, एकेक पाऊल उचलून ठेवत, टेकडी चढणारा माणूस चालतो तसे. दिव्याच्या खांबाशी थांबून त्यांनी दम घेतला आणि मान वर करून पुढे पाहिलं, माथा अजून किती लांब आहे ते बघावं तसं. त्यांच्या मागून बेकरीवाल्या काकूही तशाच चढत आल्या. उन्हात धूळ तरंगत होती. मला वाटलं, माझेच डोळे. त्या दिवसांत मला झोप नीट लागत नसे आणि भर दुपारी वस्तूंच्या कडा पाण्याखालून पाहिल्यासारख्या हलायच्या.

पण दोघंही खरंच चढत होते. दोघांचे पाय आम्ही केलेले होते. आणि दोघांचेही पाय बाबांचे होते.

आमची कार्यशाळा जुन्या टपाल कचेरीत आहे. लढाईच्या दुसऱ्या वर्षी पत्रं येणं बंद झालं. मग एका मदतसंस्थेने तिथे दोन प्रिंटर बसवले आणि छतावर सौरपट्ट्या टाकल्या. पत्रं लावायचे लाकडी खण भिंतभर तसेच आहेत, प्रत्येकावर गल्लीचं नाव रंगवलेलं. त्या खणांत आता आम्ही पाय ठेवतो, ज्या गल्लीचा माणूस त्या गल्लीच्या खणात. पाय आकाशी रंगाचे असतात, कारण मदतीत येणाऱ्या पाण्याच्या बाटल्यांची टोपणं आकाशी असतात. ती गोळा करायची, दळायची, वितळवून त्यांची तार ओढायची. प्रिंटर त्या तारेचा थर थरावर घालत पाय उभा करतो. एका पायाला नऊ तास. सकाळी कुलूप काढलं की कोवळ्या उन्हात भिंतभर पाय उभे दिसतात, कोणीतरी आभाळाचे तुकडे कापून गल्लीवार लावून ठेवल्यासारखे.

एकच पाय गेला असेल तर काम सोपं. उरलेल्या पायाभोवती फोन सावकाश फिरवायचा, चार मिनिटांत त्याचा आकार कॉम्प्युटरवर उतरतो. तो आरशातल्यासारखा उलटा केला की दुसरा पाय तयार. पण ज्याचे दोन्ही गेले, त्याच्याजवळ आरशासमोर धरायला काही नसतं. अशांसाठी संस्थेने एक तयार पाय पाठवला होता. लांब, निमुळता, बोटं शिस्तीत एका ओळीत.

बेकरीवाल्या काकूंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला होता. त्यांचे दोन्ही पाय पावाच्या रांगेवर तोफेचा गोळा पडला तेव्हा गेले. त्या फक्त रांग सरळ करायला बाहेर आल्या होत्या.

"हा कोणाचा?"

"कोणाचाच नाही, काकू. हजार माणसांची सरासरी काढलेली आहे."

"तरीच. चेहराच नाही याला." त्यांनी तो टेबलावर आडवा ठेवला. "पोरी, सरासरी माणूस कधी पावाच्या रांगेत उभा राहिलाय का? मला उभं राहायची सवय असलेला पाय दे."

बाबा कोपऱ्यात बसले होते. बाबा जोडे शिवायचे, पन्नास वर्षं. लढाईत त्यांचं दुकान गेलं तेव्हापासून ते रोज माझ्याबरोबर कार्यशाळेत येत आणि नव्या पायांना जोडे शिवत. "पाय तुझा, जोडा माझा," म्हणायचे, "म्हणजे वाद नको." काकूंचं बोलणं ऐकून त्यांनी दातांत धरलेला दोरा काढला.

"माझा घे," ते म्हणाले.

"जोडेवाले, तुम्ही काय पायांचं दुकान काढलंय?" काकू म्हणाल्या.

"शिळा आहे, पण टिकाऊ आहे."

ते टेबलापाशी आले आणि त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"कुठला देताय?" मी विचारलं.

"उजवा. डावा लाजतो."

"हसवू नका. चार मिनिटं हलायचं नाही."

"मला सांगतेस? पन्नास वर्षं मी लोकांना तेच सांगत आलो."

आणि मग ते वाकून टाचेशी काहीतरी करत राहिले. ऊन सौरपट्ट्यांवरून उतरायला लागलं होतं. मला घाई होती.

"झालं का, बाबा?"

"झालं, झालं. सवय असते एकेक."

भिंतीला एक हात टेकून ते सरळ उभे राहिले. मी फोन घेऊन त्यांच्याभोवती फिरले. इतकी सावकाश मी त्यांच्याभोवती कधीच फिरले नव्हते. पोटरीवरची शीर, घोट्यावरचा पांढरा वण, आणि शेजारच्या बोटावर कायमची कललेली करंगळी. बाबांची उजवी करंगळी तेवढी वाकडी होती. पण डावा पाय आम्ही उजव्यावरूनच उलटवला, त्यामुळे आमच्या भागात जो बाबांच्या पायांवर उभा राहिला त्याच्या दोन्ही करंगळ्या वाकड्या झाल्या. अशी एकोणीस माणसं होती. एका नऊ वर्षांच्या मुलीसाठी मी तो पाय निम्मा केला. बासष्ट वर्षांच्या माणसाची करंगळी घेऊन ती मुलगी शाळेत जायला लागली.

बाबांनी त्या एकोणिसांनाही जोडे शिवले. शेवटचा जोड घड्याळजींचा. मग हिवाळ्यात ते गेले. लढाईने नाही. छातीत कफ झाला, त्या आठवड्यात नदीवरचा पूल बंद होता, औषध पलीकडे राहिलं.

मी पुष्कळ वाचते. पुस्तकांतली माणसं गेली की मागे चष्मा ठेवतात, पत्रं ठेवतात, कपाटात वास ठेवतात. माझे बाबा मात्र रस्त्याने येत-जात राहिले. मी खिडकीशी बसायचे आणि ते एकोणीस वेळा जायचे. सकाळी काम सुरू करायच्या आधी त्यांच्या पायाची फाइल उघडायची मला सवय लागली. पडद्यावर काळोखात एक पाय उभा असे, गुडघ्याखालीच संपलेला. मी तो बोटाने हळूहळू फिरवायचे. खरं तर फिरत मीच असायचे. चार मिनिटं झाली की बंद करायचे.

पूल उघडा असला की महिन्यातून एकदा इंजिनिअर येतात. त्यांना सगळे मिलिमीटर म्हणतात, तोंडावरही. जेवायला बोलावलं तर ते "आलो, दोन मिलिमीटर थांबा" म्हणतात, असा आमच्यात विनोद आहे. त्या सोमवारी त्यांनी घड्याळजींना टेबलापासून दारापर्यंत चालायला लावलं.

"काय होतंय नेमकं?"

"साहेब, रस्ता वर चढतोय," घड्याळजी म्हणाले. "हल्ली सगळेच रस्ते चढतात. घरातसुद्धा. पलंगापासून मोरीपर्यंत घाट आहे."

"आधी असं होत होतं?"

"हिवाळ्यात नव्हतं. आता आहे."

घड्याळजी गेल्यावर मिलिमीटरनी फाइल उघडायला सांगितली. बाबांच्या पायाखाली त्यांनी एक आडवी रेघ ओढली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, टाच वर आहे. एकवीस मिलिमीटर."

"म्हणजे?"

"नडगी सरळ आणि टाच उचललेली. हा पाय जमिनीवर सपाट टेकला की वरचा अख्खा माणूस मागे कलणार. पडू नये म्हणून तो पुढे झोकणार. दिवसभर चढच चढ. वर्षभरात यांचे गुडघे जातील." मग त्यांनी जरा हळू आवाजात विचारलं, "हा स्कॅन कोणी केला होता?"

"मी."

"होतं असं. चवड्यावर उभे राहिले असतील." त्यांनी माउस हातात घेतला. "दहा मिनिटांचं काम आहे. गुरुवारी ही फाइल पलीकडच्या दोन शहरांना पाठवायचीय. तिथे ट्रक पोचत नाही, फाइल पोचते. दोन्ही पाय गेलेली शंभरावर माणसं आहेत तिथे. टाच खाली घेऊन टाकतो."

"नको," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच आला. "आज नको."

त्यांनी माउस खाली ठेवला. बाबा कोण होते, पाय कोणाचा, हे त्यांना ठाऊक होतं.

"गुरुवारपर्यंत वेळ आहे, ताई," ते म्हणाले. "पण त्याच्या आत कोणी पडलं तर?"

दुसऱ्याच दिवशी काकू पडल्या. बेकरी दोन वर्षांनंतर पुन्हा उघडायची होती, भट्टी तापते का ते बघत त्या उभ्या होत्या आणि उभ्या उभ्या मागे गेल्या. मागे पिठाची पोती होती म्हणून निभावलं. त्यांना हातगाडीवरून आमच्याकडे आणलं तेव्हा केसांपासून कोपरांपर्यंत त्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"पुढे पडले असते तर आज तुला खरपूस काकू मिळाली असती," त्या म्हणाल्या. हसल्या. "पोरी, खरं सांग. सोमवारी बेकरी उघडायची. पहाटेपासून आठ तास भट्टीपुढे उभं राहायचंय. राहीन का मी?"

"राहाल."

"असं डोळे चुकवून नको सांगूस. मागून कोणीतरी ओढतं मला. जोडेवाले असते तर त्यांना म्हटलं असतं, अहो, तुमचे पाय म्हातारे झाले."

मी त्यांचे आकाशी पाय मांडीवर घेऊन तपासले. तडा नव्हता, पट्टे घट्ट होते. मदतीत आलेल्या सपाट रबरी चपलांत पीठ भरलं होतं, ते झटकलं. वाकड्या करंगळ्यांच्या फटीतलं पीठ मात्र निघेना. फाइल दुरुस्त केली की नव्या पायांना नऊ नऊ तास लागणार होते. सोमवारपर्यंत काकूंपुरतं सहज होण्यासारखं होतं. मला फक्त बाबांची टाच खाली टेकवायची होती. मी पडद्यासमोर जाऊन बसले, पाय उघडला, चार मिनिटं फिरवला आणि बंद केला.

वाईट वाटण्यापेक्षा एक गोष्ट मला जास्त खुपत होती. बाबा चवड्यावर उभे राहिले असतील हे पटत नव्हतं. लोकांना नीट उभं करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो स्वतः चार मिनिटं वाकडा उभा राहील?

बुधवारी दुपारी मी घरी गेले आणि त्यांची पेटी उघडली. ते गेल्यापासून उघडली नव्हती. झाकण वर करताच मेणाचा आणि चामड्याचा वास आला, तेव्हा पुस्तकांनाही थोडं कळतं हे मान्य केलं. आरी, रापी, मेणाचा गोळा, गुंडाळलेला दोरा. तळाशी तळहाताएवढा चामड्याचा एक जाड तुकडा होता, थरावर थर चिकटवून केलेला, वरून आरशासारखा गुळगुळीत. तो तुकडा मी ओळखत होते. लहानपणी दुकानात बसून मी तो हजारदा पाहिला होता. गिऱ्हाईक यायचं, बाबा कागद पसरायचे आणि तो तुकडा टाचेखाली सरकवायचे.

"हे कशाला?" एकदा मी विचारलं होतं.

"जोड्याला टाच असते ना? मग माप जोड्यातल्या पायाचं घ्यायचं. अनवाणी पायाचं माप घेऊन शिवलेला जोडा देखणा होतो, पण चालत नाही."

मी पट्टी आणून तुकड्याची जाडी मोजली. एकवीस मिलिमीटर.

खोलीत खिडकीच्या पडद्यातून ऊन येत होतं. त्या उन्हात मला ते वाकलेले दिसले. झालं, झालं, सवय असते एकेक. त्यांनी तुकडा सरकवला होता, आणि मी पाहिलंही असेल. शरीराचं नाही ते सगळं कॉम्प्युटर पुसून टाकतो. तुकडा त्याने पुसला आणि टाच अधांतरी राहिली. बाबांना ती अधांतरी वाटलीच नसती. तो पाय ते आपल्या जोड्यात घालणार होते. म्हणूनच हिवाळ्यात सगळी सरळ चालत होती.

मग आता काय झालं? चपलांतून पीठ झटकताना मी चपला पाहिल्याच नव्हत्या.

मी पेटी उघडीच टाकून बेकरीत गेले. काकू खुर्चीवर बसून साच्यांना तेल लावत होत्या.

"काकू, बाबांनी शिवलेले तुमचे जोडे कुठे आहेत?"

त्यांनी बोळा खाली ठेवला. मग त्यांनी वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. मी तो काढला. आत दुहेरी फडक्यात गुंडाळलेले जोडे होते, पॉलिश केलेले. टाचा कोऱ्या.

"झिजले असते गं," काकू म्हणाल्या. "शेवटचेच ते. आता कोण शिवून देणार? म्हटलं, मदतीच्या चपला झिजवू. हे राहू देत."

"आणि घड्याळजी?"

"त्यांनी काचेच्या कपाटात ठेवलेत, घड्याळांच्या मध्ये. त्या शाळकरी मुलीच्या आईने उशाशी. सगळ्यांनीच ठेवलेत. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण जोडेवाल्यांनंतर मदतीच्या चपला आल्या त्याच आठवड्यात..." त्यांनी डब्याकडे पाहिलं. "का गं? तुला हवेत का परत?"

मला हसू आलं. मी फरशीवर बसले. काकूंच्या चपला काढल्या आणि एक एक करून जोडे चढवले. नाड्या मीच बांधल्या.

"उभ्या राहा."

"धर मला."

"धरते."

त्या उभ्या राहिल्या. खुर्ची सोडली. मग माझा हात सोडला. भट्टीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. फरशीवर टाचा वाजत होत्या. तो आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता हे मला तेव्हा कळलं.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "जमीन खाली आली."

त्याच संध्याकाळी उजेड असेपर्यंत मी गल्लीगल्लीत फिरून निरोप दिला. घड्याळजींनी कपाटाची किल्ली शोधायला बराच वेळ घेतला. "झिजवायला फार सुंदर आहेत ते," ते म्हणत राहिले. जोडे घालून ते दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग म्हणाले, "तुमच्या बाबांनी हे आम्हाला सांगायला हवं होतं." मी म्हटलं, त्यांना वाटलं असेल, जोडा पायात घालायचा असतो हे काय सांगायचं.

गुरुवारी सकाळी मिलिमीटरनी चामड्याचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. आपलं मोजायचं साधन काढून तीन ठिकाणी जाडी घेतली.

"तिन्हीकडे एकवीस. हाताने?" ते म्हणाले. "म्हणजे चूक नव्हती, ताई. अर्धं माप फाइलमध्ये होतं आणि अर्धं जोड्यात."

"हो."

"मग अशीच पाठवायची?"

हा प्रश्न मी रात्रभर उशाशी ठेवला होता. पलीकडच्या शहरांत कोण जोडे शिवणार? मला स्वतःला एक टाका येत नाही. शिकवा म्हटलं असतं तर बाबांनी शिकवलं असतं, पण मी म्हटलंच नव्हतं. मला वाचायचं असायचं. तिथल्या माणसांना मदतीच्या रबरी चपला मिळणार होत्या. बाबांनी त्या चपला पाहिल्या असत्या तर तुकडा न सरकवता उभे राहिले असते, एवढं मला त्यांच्याबद्दल खात्रीने माहीत होतं.

"टाच खाली घ्यायची," मी म्हणाले. "मी घेते."

ते खुर्चीवरून उठले. मी बसले. काळोखात पाय उभा होता. मी टाच धरली आणि हळूहळू खाली आणली. वीस, अठरा, अकरा. घोट्यापाशी वण होता तो जरा ताणला गेला, मग जागेवर बसला. चार. दोन. दिवसभर उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर टेकवतो तशी टाच रेघेला टेकली. इतके महिने मी त्यांना तसंच उभं ठेवलं होतं.

"करंगळी सरळ करू?" मिलिमीटरनी मागून विचारलं. "आकडेवारीत बसत नाही ती."

"चपलेत टोचते का?"

"टोचायचं काही कारण नाही."

"मग राहू द्या."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी वाद घातला नाही. फाइल जायला लागली. इंटरनेटचं जाळं क्षीण असतं आमच्याकडे. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. भिंतीवरच्या खणांतून ऊन एकेक गल्ली ओलांडत गेलं. पट्टी भरली तेव्हा मिलिमीटर म्हणाले, "पोचली." नदीपलीकडे, मी न पाहिलेल्या एका खोलीत, कोणीतरी प्रिंटर सुरू केला असेल.

सोमवारी बेकरी उघडली. मी मुद्दाम दहाच्या सुमारास गेले. रांग कोपऱ्यापर्यंत होती. काकू भट्टीपुढे पाव काढायचं लांब लाकडी फावडं घेऊन उभ्या होत्या, पहाटेपासून, कोणाला न धरता. पिठाचा धुरळा उजेडात उभा होता आणि त्यात त्या कधी दिसत, कधी विरत. आकाशी घोट्यांखाली बाबांचे जोडे पांढरे झाले होते.

मी गुपचूप खाली बसले आणि खिशातली पट्टी त्यांच्या टाचेला लावली. टाच झिजली की जोडा सपाट होणार, आणि पुन्हा चढ सुरू होणार. किती झिजली की पाय बदलायचे, ते मला मिलिमीटरना विचारून ठेवायचं होतं. नवे सपाट पाय त्यांच्या गल्लीच्या खणात तयार होते.

काकूंनी पाय मागे घेतला.

"काय करतेस खाली?"

"टाच बघते. किती राहिलीय."

"आजच घातलेत ना गं मी कामावर? रोज येऊन मोजणार आहेस का?" त्यांनी भट्टीतून फावडं ओढलं, एक पाव कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात ठेवला. तो इतका गरम होता की पट्टी खिशात टाकावीच लागली. "झिजतील तेव्हा मी स्वतः येईन. ऊठ आता. रांग अडलीय तुझ्यामुळे."

मी उठून बाजूला झाले. त्या वळल्या आणि खट खट करत पुढच्या साच्यांकडे गेल्या.